पंचायतीच्या खेळवर्गाला परवाना हवा का?

निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका
रोपलावणीच्या दिवसांत शाळा सुटते तेव्हा आई चिखलात असते आणि दिवेलागणीशिवाय घरी येत नाही. या मधल्या वेळेत ग्रामपंचायतीने आपल्या वाचनालयात, म्हणजे कर्नाटकात आता ज्याला ‘अरिवु केंद्र’ (ज्ञानकेंद्र) म्हणतात तिथे, मुलांचे खेळ व वाचन घ्यावे अशी सूचना आली, तोच ‘परवाना कोण देणार?’ हा प्रश्न निघाला. माझ्या मते परवान्याची अट नको. अमेरिकेतील टेक्सास राज्यात नगरपालिकांच्या अशा वर्गांना पाळणाघराच्या परवान्यातून सूट मिळते. मात्र किती मुलांमागे किती माणसे, त्यांची पात्रता, जागेची सुरक्षितता आणि देखरेख यांविषयीचे नियम नगरपालिकेला दरवर्षी जाहीर सुनावणी घेऊन मंजूर करावे लागतात, आणि वर्गाला राज्याचा परवाना नाही हेही पालकांना कळवावे लागते. आपल्याकडे त्या सुनावणीसाठी ग्रामसभा आहेच.

एक पालक, उद्यमबाग परिसर
गुरुजी, क्षमा असावी, पण ग्रामसभेत कोरम भरताना आपण पाहिला आहे का? नियम करणारी पंचायत, वर्ग चालवणारी पंचायत आणि तपासणारीही तीच, मग दाद कोणाकडे मागायची? एका उन्हाळी शिबिरातून माझ्या मुलीला शेजारच्या गल्लीतील ओळखीचे गृहस्थ घेऊन आले. भले माणूस होते म्हणून निभावले, पण तिला कोणाच्या हवाली केले याची वहीत नोंदच नव्हती. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सोचा २०१२ चा कायदा गुन्हा घडल्यावर धावून येतो. आधी कोणीतरी बाहेरचा डोळा हवा.

अंगणवाडी सेविका, बेळगाव तालुका
परवाना म्हटला की इमारतीचा दाखला, अग्निशमनाचा दाखला आणि कचेरीच्या खेपा आल्या. गळक्या कौलांच्या खोलीला तो मिळणार नाही, वर्ग बंद पडेल आणि मुले पुन्हा तळ्याच्या काठाला जातील. शिवाय पालकांना कळवायचे ते त्यांना वाचता येईल अशा भाषेत कळवायला हवे. नुसता कन्नड फलक लावून मराठी आईला सूचना पोहोचली असे कोणी मानू नये. कन्नडशेजारी मराठीही हवी.

निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका
भाषेचा मुद्दा मान्य. बाहेरच्या डोळ्याचाही मान्य करतो, कारण स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासू नये हे मीच वर्गात सांगत आलो आहे. तपासणी शेजारच्या पंचायतीकडे द्यावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचावा. परवान्याला माझा विरोध कायम आहे. पण मूल कोणाच्या हाती दिले, किती वाजता दिले आणि नेणाऱ्याची सही, एवढ्या तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून असल्याशिवाय वर्गाचे कुलूप उघडू नये.

एक पालक, उद्यमबाग परिसर
चौथा रकाना घाला: नेणाऱ्याचे नाव पालकांनी आधी लिहून दिले होते का?