मामांची दिवाळखोरी रद्द झाली, आता दुकान कोणाचं?

म्हापशाहून विचारतोय. मामांचं दुकान कोल्हापुरात, ४ वर्षांपूर्वी कोर्टाने नादार ठरवलं आणि रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेणारा कोर्टाचा माणूस) बसवला, त्याने मागचं गोदाम विकलंसुद्धा, आता सगळ्यांचे पैसे फिटले म्हणून नादारीची ऑर्डर रद्द झाली. मग गोदाम परत मिळतं का? आणि एक जुना व्यापारी हातचिठ्ठी (उधारीचा लेखी कागद) घेऊन परवा दारात उभा, म्हणे केस टाकतो.

उत्तर १: गोदाम विसरा. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचं कलम ३७ बघा, रिसीव्हरने रीतसर केलेली विक्री कायम राहते. उरलेलं दुकान मामांकडे परत येतं, पण कोर्टाने दुसऱ्या कोणाला नेमलं नसेल तरच. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढा आधी, अटी असतात कधीकधी.

उत्तर २: चिठ्ठीवर केस टाकायची मुदत ३ वर्षं. कलम ७८ प्रमाणे नादार ठरवल्यापासून रद्द होईपर्यंतचा काळ वगळतात, म्हणजे आधी २ वर्षं गेली असतील तर त्याच्याकडे अजून १ आहे. पण त्याने तेव्हा नादारीच्या केसमध्ये आपला क्लेमच (येणं) सिद्ध केला नसेल, तर ही सवलत नाही!

मूळ प्रश्नकर्ता: क्लेम सिद्ध केलेल्यांच्या यादीत त्याचं नावच नाही हो 😀 उद्याच्या कदंबा बसने कोल्हापूर गाठतो.