छंद, नाद, हौस की ध्यास?

स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या आहेत आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली आहे. मी चित्रं काढते. रोज काढते, बहुतेक वेळा वहीच्या समासात. ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन बघते, मंगा म्हणजे तिकडची कॉमिक्स वाचते, त्यातली आवडती पात्रं पुन्हा पुन्हा काढते, रात्री मनात येईल ते खरडून ठेवते. पुढे कधीतरी स्वतःच्या पात्रांची एक लांबलचक चित्रकथा करायची आहे. हे सगळं कोणत्या शब्दात बसवू? 'छंद' लिहिलं की अर्जातला रकाना भरल्यासारखं वाटतं: वाचन, पोहणे, तिकिटे जमवणे. 'आवड' फारच मिळमिळीत. 'हौस' म्हटलं की चार दिवसांत फिटेल असं वाटतं. 'वेड' म्हणजे आपणच आपलं कौतुक. आणि 'ध्यास' हा शब्द मी सत्काराच्या भाषणाबाहेर कधी ऐकलेला नाही. तुम्ही काय लिहाल?

* * *

नाम बाजूला ठेव आणि क्रियापद बघ. या शब्दांमधला फरक तिथे कळतो. हौस येते, ती भागवायची असते, आणि भागवली की फिटते. म्हणजे हौसेला शेवट आहे हे भाषेने आधीच मान्य केलंय. छंद लागतो किंवा जडतो, पण पुढे तो जोपासावा लागतो. तिथे आपल्यालाही काही काम करावं लागतं. नाद लागतो आणि मग घरचे तो सोडायला सांगतात. वेड लागतं, त्यात आपला काहीच हात नाही. ध्यास मात्र लागतोही आणि घेताही येतो. 'अमक्याने ध्यास घेतला' असं आपण सहज म्हणतो, 'अमक्याने वेड घेतलं' म्हटलं तर त्याने वेडाचं सोंग घेतलं असा अर्थ होतो. तेव्हा तुझ्या बाबतीत नेमकं काय झालंय ते आधी ठरव: लागलंय, की तू घेतलंयस?

* * *

'छंद'वर उगाच राग नको. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, मर्जी. स्वच्छंद या शब्दात तोच छंद आहे: स्वतःच्या मर्जीने वागणारा. वृत्त या अर्थाचा छंद आपण कवितेत वापरतो, आणि 'छंदीफंदी'मध्ये पुन्हा लहरीपणा आलाच. एवढ्या मोकळ्या शब्दाला अर्जाच्या रकान्यात आपण कोंबलं, त्यात त्याचा काय दोष?

* * *

मी 'नाद' म्हणेन, डोळे मिटून. चित्रांचा नाद. त्याच्यात थोडी बदनामी आहे आणि तीच गंमत आहे. नाद म्हणजे आधी आवाज. मग कानात सतत घुमणारी गोष्ट, मग जिच्यामागे माणूस जातो ती गोष्ट. 'नादी लागणे' वाईट, 'नादिष्ट' जरा मऊ, आणि कोल्हापूरकडचा 'नादखुळा' तर सरळ शाबासकी. तिकडे एखादं काम नादखुळा झालं म्हणजे विषय संपला. 'नादान'ही याच घरातला असावा.

* * *

'नादान' त्या घरातला नाही. तो फारसीतून आला आहे: 'ना' म्हणजे नकार आणि 'दान' म्हणजे जाणणारा. नकळता, अजाण. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही.

बाकी हौसेबद्दल एक सांगतो. मूळ अरबी 'हवस'. हिंदी-उर्दूत तो शब्द वासनेच्या अर्थाने चारचौघांत उच्चारायला लोक कचरतात. मराठीत येऊन तो इतका सोज्वळ झाला की आपण 'हौसेने' मुलांची नावं ठेवतो. पण पुढे 'हौशी' झाल्यावर त्याची गत पुन्हा बिघडली. हौशी नट, हौशी चित्रकार: प्रेमाने करणारा, म्हणजेच जरा कच्चा! इंग्रजी 'अमेचर'चं तेच झालं. तो फ्रेंचमधून आलेला, लॅटिन मुळात अर्थ 'प्रेम करणारा'; आता नवखा म्हणून हिणवायला वापरतात. पैसे न घेता मन लावून करणाऱ्याला दोन्ही भाषांनी एकाच पायरीवर बसवलं आहे. 'हौशे, नवशे, गवशे' यात निदान हौशाला पहिला मान दिलाय, तेवढंच समाधान.

* * *

जपानीतही तसंच झालं. चित्रकथांमागे वेड्या झालेल्यांना तिकडे 'ओताकू' म्हणतात. मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून समोरच्याला आदराने 'आपण' म्हणायचा शब्द. १९८३ साली एका मासिकातल्या सदराने तो अशा चाहत्यांना चिकटवला, कौतुकाने नव्हे, खिजवायला. आज जगभरची पोरं तो अभिमानाने मिरवतात. नादखुळा त्याच वाटेने गेलाय असं मला वाटतं. आधी खुळा ठरवायचं, मग खुळेपणाचीच तारीफ.

आणि 'ॲनिमे' म्हणजे 'ॲनिमेशन'ला जपान्यांनी लावलेली कात्री. तिकडे कोणत्याही देशाचं ॲनिमेशन ॲनिमेच. फक्त जपानी, हा अर्थ बाहेरच्यांनी दिला.

* * *

छान चाललंय, पण माझे प्रश्न वाढले. एक: फोनवर बोलताना हात आपोआप काढत राहतो, चौकोन, चौकोनात चौकोन, पानं, डोळे. (डोळा मला एकच जमतो. डावा झकास येतो, उजवा त्याच्याशी जुळत नाही, मग त्यावर केसांची बट सोडायची. माझ्या निम्म्या पात्रांना एकच डोळा दिसतो तो यामुळे. शैली वगैरे काही नाही.) या प्रकाराला 'डूडल' सोडून काय म्हणायचं? दोन: आवडत्या मालिकेतलं पात्र आपल्या हाताने काढलं, की ते 'फॅन आर्ट'. त्याला मराठीत काय? 'नक्कल' म्हटलं तर चोरीसारखं वाटतं.

* * *

पहिल्याला शब्द आहे आणि तो तू रोज ऐकत असणार: चाळा. हाताला चाळा. क्रियापद हवं असेल तर गिरगटणे, नाहीतर रेघोट्या मारणे. 'चाळा' मला जास्त आवडतो, कारण त्यात हात काम करतोय आणि डोकं दुसरीकडे आहे हे दोन्ही येतं. घरचे 'काय नसते उद्योग चाललेत' म्हणतात तेही तेच. संस्कृतात उद्योग म्हणजे प्रयत्न, पुरुषार्थ. मराठी आईच्या तोंडी आला की उलटा.

* * *

चाळा ठीक आहे, पण प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे डोळे चाळ्यातले वाटत नाहीत. उजवा डोळा जुळत नाही हे जिला कळतं, ती लक्ष देऊन काढते. त्याला सराव म्हणावं. अलीकडे चित्रकारही 'रियाज' म्हणू लागलेत. मूळ गाण्यातला, पण इकडेही शोभतो.

'फॅन आर्ट'साठी मला 'कित्ता' सुचतो. अरबी 'कितअ' म्हणजे तुकडा. सुलेखनात सुंदर अक्षरांचा नमुना असलेलं सुटं पान. आपल्याकडे तो गिरवण्याचा नमुना झाला. पहिल्या दिवशी कित्ता आणि आपलं अक्षर अगदी वेगळं दिसतं, पुढे हात वळतो. आवडतं पात्र शंभरदा काढणं हे याहून निराळं नाही. त्याचं नाक कसं काढलंय, केसांचा झुपका कुठे वळतो, हे गिरवताना कळतं. 'नक्कल'मध्ये फसवणुकीचा वास येतो, तो कित्त्यात नाही. मात्र गिरवलेलं पान स्वतःचं म्हणून खपवू नये, एवढं पथ्य त्या शब्दातच आहे.

* * *

कित्ता चांगला, पण पुरेसा नाही. कित्ता जसाच्या तसा गिरवायचा असतो. फॅन आर्टमध्ये तेच पात्र म्हातारं करून काढतात, दोन वेगळ्या गोष्टींतली पात्रं समोरासमोर बसवतात, मेलेल्याला जिवंत करतात. हा कित्ता नव्हे, हा आगाऊपणा आहे, आणि तोच त्यातला चांगला भाग. मी सरळ 'फॅन आर्ट' लिहीन. सगळ्यांना कळणारा शब्द हाताशी असताना नवा घडवायला जायचं ते कशाला?

* * *

या वादात पडत नाही. 'मंगा' या शब्दाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण इथे सगळे तो 'जपानी कॉमिक' एवढ्याच अर्थाने वापरताहेत. त्यातल्या दोन चिन्हांचा अर्थ साधारण 'मनाला येईल तशी' आणि 'चित्रं' असा. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या चित्रवह्यांना हेच नाव होतं, त्यातली पहिली १८१४ ची. त्यात सलग गोष्ट नाही. माणसं, पक्षी, झाडं, भुतं, अंग मोडून कसरत करणारे लोक, जे सुचलं ते. तुमच्या वहीचा समास या अर्थाने मंगाच्या जास्त जवळ आहे.

रात्री जे खरडता त्याला 'स्फुट' म्हणा. संस्कृतात स्फुट म्हणजे उमललेलं, स्पष्ट. मराठीत सुटं, किरकोळ. जुन्या वर्तमानपत्रांत 'स्फुट सूचना' असत त्या याच अर्थाने. दोन्ही अर्थ तुमच्या कामाचे आहेत.

* * *

स्फुट घेतला! आता शेवटची अडचण. चित्रकथा करायचं 'स्वप्न' आहे असं लिहू का? स्वप्न रंगवतेय म्हटलं की लोक हसतात.

* * *

हसणारच. 'स्वप्नं रंगवणे', 'मनोराज्य करणे', 'मनातले मांडे', आपल्या भाषेत नुसत्या विचारांना फार पत नाही. 'मनोरथ' जरा चांगला, पण तोही बहुतेक धुळीलाच मिळतो. तू 'बेत' म्हण. बेत आखता येतो, बदलता येतो, फसला तरी दुसरा करता येतो. स्वप्न फसत नाही, भंगतं. मग तुकडे गोळा करत बसा.

* * *

किंवा मनसुबा. त्याचा 'मन'शी संबंध नाही. अरबी 'मन्सूबा' म्हणजे बुद्धिबळातला मांडून दिलेला डाव, सोडवायचं कोडं. सोंगट्या पटावर आहेत, चाल शोधायची आहे. लांबलचक चित्रकथेला हा शब्द जास्त फिट बसतो.

* * *

मग हे असं चालेल का?

'चित्रं काढते. समासात गिरगटण्यापासून सुरुवात झाली, आता समास पुरत नाही. ॲनिमेचा आणि मंगाचा नाद आहे, सोडायचा विचार नाही. सध्या आवडत्या पात्रांचे कित्ते गिरवते, स्वतःच्या पात्रांची चित्रकथा करायचा मनसुबा आहे. अधूनमधून स्फुटं.'

ध्यास ठेवून दिला. चित्रकथेची पहिली पन्नास पानं झाली की बघू.

* * *

उत्तम. एकच शंका. 'मंगाचा' की 'मंग्याचा'? कॅमेरा आपल्यात मुरला तेव्हा 'कॅमेऱ्यात' झाला, सोड्याचंही 'सोड्यात' झालं. त्या न्यायाने 'मंग्याचा' व्हायला हवं.

* * *

व्याकरणाने बरोबर आहे, पण 'मंग्याचा नाद' म्हटलं की एखाद्या मंगेशच्या घरी भांडण लागेल. 'मंगाचा'च राहू दे. आणि 'सुरुवात' लिहिलंस ते बरं केलंस. 'सुरवात' लिहिलं असतंस तर आणखी दहा उत्तरं आली असती.