अनुभव धागा : फौजेतून येऊन शेतात उतरलेली माणसं

आमच्या मराठवाड्यात फौजेतून पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर'च म्हणतं, मग तो शिपाई असो नाहीतर हवालदार. वडील मागच्या वर्षी गेले. त्यांची काळी ट्रंक उघडली तर वर डिस्चार्ज बुक, खाली सातबारा आणि मधे एक शंभरपानी वही. 2016 च्या उन्हाळ्यातली, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालची. टँकर कधी आला, कुणाला किती घागरी दिल्या, सगळं तारीखवार. एका ओळीपुढं लिहिलंय, 'बाळंतीण आहे, दोन जास्त.' ती ओळ वाचूनच हा धागा काढतोय. तुमच्या गावातल्या अशा माणसांबद्दल लिहा. नावं नकोत, काम सांगा.

औसा तालुका, लातूर

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या आत भूकंप झाला. मी बारा वर्षांची होते. काका सुट्टीवर आलेले. आमची घरं दगडमातीची, वर माळवद. त्या मातीच्या ओझ्याखालीच माणसं गाडली गेली. जो तो रडत, ओरडत दिसेल तिथं कुदळ घालत होता. काकांनी आधी कुदळी थांबवल्या. "जरा वेळ कुणी बोलू नका. कान द्या." सगळे गप्प झाले तेव्हा ढिगाऱ्याखालचं कण्हणं ऐकू आलं. मग हातानं माती उपसायला लावली. माझी आजी तशीच निघाली, नाकातोंडात पांढरी माती, पण जिवंत. पुढं लष्कराचे जवान आले तेव्हा काका त्यांच्या पुढं चालायचे. कुठल्या घरात किती माणसं झोपायची हे त्यांना पाठ होतं. अजूनही घरात कुणी दार आपटलं की ते उठून अंगणात येतात.

अंबाजोगाई तालुका, बीड

मी स्वतः माजी सैनिक. सतरा वर्षं नोकरी करून आलो, वाटलं तीन एकर आहे, बोअर घ्यावा नि ऊस लावावा. दोन बोअर कोरडे गेले, फंडाचा पैसा मातीत गेला. तिसरा घ्यायच्या आधी पाणी मुरवायला डोंगराला चर खोदायचं ठरवलं. पातळी बघायची ए-फ्रेम म्हणजे तीन काठ्या नि दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या अंगाला. पहिल्या रविवारी आम्ही चौघं, त्यात बायको नि मेहुणा. पलटणीत हुकूम सुटला की माणूस हलतो. गावात आधी त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात बचत गटाच्या बाया आल्या, मग त्यांच्या मागं गडी आले. ऊस काही लावला नाही. सोयाबीन, तूर होते, हरभऱ्याला दोन पाणी मिळतं. मला तेवढं पुष्कळ आहे.

परभणी

फौजेतून आलेले तात्या आम्हा पोरांना सैन्यभरतीसाठी पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्यानं पळवायचे. सोळाशे मीटर, नऊ फुटी खड्डा, लिंबाच्या दोन झाडांत बांधलेला पाईप हा आमचा पुलअप्स मारायचा बीम. मी भरतीतून छातीच्या मापावर बाहेर पडलो. त्या रात्री तात्या आमच्याकडं जेवायला आले, भरतीचं नावसुद्धा काढलं नाही. सकाळी पाचला दारात पुन्हा हाक.

कळंब तालुका, धाराशिव

सगळे मेजरबद्दल लिहितेत, मी घरच्या बाईबद्दल लिहिते. कारगिलची लढाई 1999 ला झाली, नवरा तिकडं होता, ते पेरणीचे दिवस. दिराचे बैल मागून आणले, चाड्यावर मूठ मी धरली, पदरात दोन लेकरं. पाऊस नव्हता, पण पत्रात मी 'पाऊसपाणी चांगलं आहे' असंच लिहायची. त्यांचंही एकच, 'मी खुशाल आहे.' सुट्टीवर आले तेव्हा विहिरीच्या काठावर बसून दोघांनी खरं सांगितलं. त्यांच्या मांडीत छऱ्यांचे तुकडे होते, माझ्या कानात फुलं नव्हती.