मदत हवी आहे: मलेरियात उंदराला वाचवतं कोण, अँटीबॉडी की टी-पेशी?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. सेमिनारला विषय आलाय मलेरियाच्या परजीवीविरुद्ध अँटीबॉडी, प्राण्यांवरचे प्रयोग. वाचलं भरपूर, पण एका जागी गाडी अडलीय.

१९६७ साली रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले प्लास्मोडियम बर्घेईचे (उंदरांचा मलेरिया परजीवी) स्पोरोझोइट, म्हणजे डासाच्या चाव्यातून अंगात शिरणारं रूप, उंदरांना टोचले. पुढे धडधाकट स्पोरोझोइट टोचूनही त्यातल्या बऱ्याच उंदरांना मलेरिया झाला नाही. १९८० मध्ये ३डी११ ही एकच मोनोक्लोनल (एकाच साच्याची) अँटीबॉडी देऊन उंदीर वाचवले. म्हणजे अँटीबॉडी पुरते, असं मी लिहून मोकळा झालो.

तर १९७७ चा एक प्रयोग हाती लागला. त्यात बी-पेशी दाबून टाकलेल्या, म्हणजे अँटीबॉडी करूच न शकणाऱ्या उंदरांनाही त्याच दुबळ्या स्पोरोझोइटांनी संरक्षण मिळालं! मग सेमिनारमध्ये काय सांगू? सरांना विचारलं, तर "दोन्ही लागतं रे" म्हणून चहाला गेले.

आणि फाल्सिपेरम, म्हणजे माणसाचा मलेरिया परजीवी, उंदरात वाढतच नाही, तर माणसाच्या लसीची चाचणी उंदरावर घेतात तरी कशी?

निपाणीकर:
अरे, दोन्ही प्रयोग खरे आहेत, तू फक्त जागा बघ. स्पोरोझोइट रक्तात शिरला की काही मिनिटांत यकृत गाठतो. अँटीबॉडीला तेवढीच संधी. ती स्पोरोझोइटच्या अंगावरच्या सीएसपी प्रथिनाला चिकटते आणि त्याला यकृतपेशीत शिरू देत नाही. ३डी११ चे नुसते फॅब तुकडे (अँटीबॉडीचा चिकटणारा भाग) दिले तरी काम झालं होतं, हे स्लाइडवर नक्की घे. पेशीत शिरलेल्याला मात्र ती गाठू शकत नाही, तिथे सीडी८ टी-पेशी (परजीवी शिरलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या) लागतात. तुझ्या १९७७ च्या उंदरांत टी-पेशी शाबूत होत्या ना! म्हणून "अँटीबॉडी पुरेशी ठरू शकते, पण अनिवार्य नाही" असं लिही. सरांचं "दोन्ही लागतं" तेवढं लिहू नको.

मात्र अँटीबॉडी भरपूर हवी. एक स्पोरोझोइट निसटला तरी यकृतातून हजारो मेरोझोइट (तांबड्या रक्तपेशींत शिरणारं पुढचं रूप) बाहेर पडतात, आणि त्यांच्यावर सीएसपी नसतंच.

फाल्सिपेरमसाठी दोन वाटा आहेत. बर्घेईतच फाल्सिपेरमचं सीएसपी जनुक घालतात, नाहीतर माणसाच्या यकृतपेशी बसवलेले उंदीर वापरतात. रक्तातल्या टप्प्यासाठी एओटस माकडं.

सेमिनार कधी आहे? स्लाइड झाल्या की इथे टाक, बघतो.