ब्लूग्रास (बँजो-फिडलवाल्या अमेरिकन लोकसंगीताच्या) ढंगाचा मराठी अल्बम घरी रेकॉर्ड करतेय: एकच माइक की वेगवेगळे?

ओवीकर, सोलापूर
आठ गाणी, सगळी घरातल्या माणसांवरची. तीन ओवीत बांधली आहेत. आवाज आणि गिटार माझं, मँडोलिन-फिडल (व्हायोलिन) इथलेच, बँजोचा ट्रॅक पुण्याहून येणार. खोली दहा बाय दहा, स्लॅबही दहा फुटांवर. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या दुसऱ्या पट्टीत (फ्रेटमध्ये) लावून ए सुरात वाजवलं की गिटारचा खर्ज घुमतो. चारी भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या, काही फरक नाही. जुन्या बँडसारखं एका माइकभोवती उभं राहून करावं का?

खर्जवाला
आधी घुमण्याचं बघू. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. एवढ्या अंतरात पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) 56 हर्ट्झला, दुसरा 112 ला. तुमचा ए आहे 110! त्यात लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे घुमणं तिप्पट. चादर वरचे सूर खाते, खर्ज नाही. त्यामुळे आवाज मंद झाला असेल आणि खर्ज उलट जास्तच टोचत असेल. निम्म्या चादरी काढा. उरलेल्या दुहेरी करून भिंतीपासून चार इंच सोडून टांगा. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या करा.

माइक खोलीच्या मधोमध असेल तर हलवा. 112 चा दाब भिंतीशी आणि मध्यावर सर्वांत जास्त, पाव अंतरावर सर्वांत कमी. म्हणून माइक लगतच्या दोन्ही भिंतींपासून अडीच फुटांवर. गळ्याला झेपत असेल तर कॅपो चौथ्या पट्टीत, सूर बी: खर्ज 123 वर जातो आणि कटकट मिटते.

पाचवी_तार
बँजो नंतर येणार असेल तर एका माइकचा हट्ट सोडा. त्या पद्धतीत सगळे एकत्र हवेत. गाणारा माइकपासून फूटभर, बँजो तीन फूट मागे, सोलोला पुढे यायचं. नंतर नुसता गाणाऱ्याचा आवाज वर काढता येत नाही, आणि इथे तर शब्दच महत्त्वाचे.

आवाज-गिटार मात्र एका बैठकीतच घ्या, दोन माइकांवर. गिटारचा माइक बाराव्या पट्टीसमोर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, भोकासमोर नको. आवाजाच्या माइकला आठाच्या आकाराचा पॅटर्न असेल (पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी नाही) तर त्याची बहिरी बाजू गिटारकडे. सगळ्यात मोठा सूर उणे 12 डेसिबलला टेकेल इतकाच गेन (माइकची पातळी).

पुण्याला क्लिकसह (लयीच्या टिकटिकीसह) फाइल पाठवा, सुरुवातीला दोन बार (चार-चार मात्रांची आवर्तनं) मोजणी. सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) लिहून कळवा. 48 किलोहर्ट्झची फाइल 44.1 वर वाजली तर लय मंदावतेच, सूरही दीड सेमीटोनच्या आसपास उतरतो. सूर बी असेल तर बँजोचा कॅपो चौथ्यावर आणि पाचवी तार नवव्या पट्टीत अडकवलेली हवी, नाहीतर मोकळा जी सगळ्या गाण्यावर खरखरत राहील. आणि ‘पाच तारांचा’ असं स्पष्ट सांगा. आपल्याकडे बँजो म्हटलं की वरातीतला बटणांचा येतो.

साडेतीन
ओवीबद्दल कुणीच बोललं नाही. चाल साडेतीन चरणांची, ब्लूग्रासचं कडवं चार ओळींचं, प्रत्येकी चार बार. शेवटच्या अर्ध्या चरणानंतर दोन बार रिकामे राहतात, ते फिडलला द्या. ‘गं बाई’ घालून भरू नका. ओवीचा दम त्या तुटण्यातच आहे. मँडोलिनचा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा चॉपही (तुटक ठोका) तिथे थांबवा. वरच्या सुरात गायची टेनर साथ फक्त धृपदाला.

ओवीकर
बी झेपतोय, माइकही सरकवला. आता यंत्रमाग! दोन घरं सोडून आहेत, माइकमध्ये धडधड येते.

खर्जवाला
धडधड बहुतेक जमिनीतून येतेय. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घाला आणि 80 हर्ट्झखालचं फिल्टरने कापा. चौथ्या पट्टीत कॅपो असताना गिटारची सर्वांत खालची मोकळी तारसुद्धा 104 ला आहे, काही बिघडत नाही. मागाच्या धोट्याचा खटखटाट मात्र नेमका गाण्याच्या आवाजाच्याच पट्ट्यात बसतो, तो फिल्टरने जात नाही. त्यासाठी मागांची सुट्टी गाठा. मे महिना असेल तर पहाटे पाचलाच बसा, कारण पंखा बंद ठेवावा लागणार आणि खोली तापली की तारा उतरतात.