नारळाची सोडणं (वरची सालं) विकू की काथ्या काढायची मशीन टाकू? काथ्याचं गणित कुणी केलंय का

माडवाला_पोर:
वेंगुर्ल्याजवळ आमचं आगर, 60 माड. वर्षाला साडेचार हजार नारळ, ते सोलूनच देतो. सोडणं न्हाणीच्या चुलीत, उरली की परड्यात ढीग, पावसात त्यात पाणी साचून डास. परवा टेम्पोवाला आला, सोडणाला 1 रुपया देतो म्हणाला. आई म्हणते फुकटचे पैसे आहेत, दे. मला वाटतंय कर्ज काढून मशीनच टाकावी. कुणी केलंय का?

बचतगट_ताई:
आमच्या गटाने केलंय, कॉयर बोर्डाचं (काथ्या उद्योगाचं सरकारी मंडळ) ट्रेनिंग घेऊन. 1000 सोडणांतून साधारण 80 किलो काथ्या निघतो, म्हणजे तुझा वर्षाचा साडेतीनशे किलो, मशीन ते दोन-तीन दिवसात संपवेल, मग पुढे काय, मशीनला हळदकुंकू वाहणार? आम्ही चार गावांतून सोडणं आणतो आणि सोडण म्हणजे नुसती हवा, टेम्पो भरतो पण वजन काय नाही, भाड्यातच जीव जातो. पावसात काथ्या सुकत नाही ते वेगळंच. खरा पैसा काथ्या काढताना पडणाऱ्या भुशात आहे. काथ्याच्या दुप्पट पडतो, पूर्वी कुणी विचारत नव्हतं, आता कोकोपीट म्हणून नर्सरीवाले नेतात. पण तो गोड्या पाण्यात धुवावा लागतो, क्षार राहिले तर रोपं करपतात, आणि एप्रिलात आमची विहीर तळाला 😅 तरी नुसतं आंब्याच्या सीझनपुरतं नव्हे, पावसाळा सोडून वर्षभर काम मिळालं, पैसे बायकांच्या स्वतःच्या खात्यात. सुरुवातीला सासू हसायची, आता तीच विचारते जमा झाले का.

खाडीकाठी:
माझी आजी खाडीत सोडणं कुजत घालायची, सहा-आठ महिने, मग बाहेर काढून दांडक्याने बडवायचं. तो वास तिच्या लुगड्याला कायम. बोटांची सालं निघायची आणि सुंभाचा भाव ठरवायचा व्यापारी. नंतर नायलॉन आला, होडीवाल्यांनी सुंभ सोडला, संपलं. मशीनने निदान ते बडवणं तरी गेलं.

आगरी_अनुभव:
सगळे सोडणातलं पोटॅश विसरलात, ते माडाला खतच. कासरगोडचं सीपीसीआरआय (नारळावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था) माडाभोवती चर खणून सोडणं पुरायला सांगतं, खोलगट बाजू वर करून थर लावायचे, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. तू 1 रुपयाला विकणार आणि मग दुकानातनं पोटॅशचं पोतं आणणार, व्वा रे हिशेब! मी अर्धी पुरतो, अर्धी विकतो.

माडवाला_पोर:
मशीनचं खूळ गेलं डोक्यातनं. अर्धी पुरतो. ताई, उरलेल्यांना तुम्ही काय देता?

बचतगट_ताई:
सव्वा रुपया. पण आणून टाकायची तू. आणि परड्यातली कुजकी डासवाली नकोत हां.