मोठ्या कंपनीतली सेल्सची नोकरी: घ्यावी की सोडावी?

आर्णीकर
धाकट्या भावाचं बी.एस्सी. अ‍ॅग्री झालं. बियाणं-औषधांच्या एका मोठ्या कंपनीत सेल्सला निवड झाली आहे. घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव एवढा एरिया. पगार, पेट्रोल, पीएफ, मेडिक्लेम. बाबा म्हणतात, सात पिढ्यांत पहिल्यांदा घरात एक तारखेला पैसा येणार, विचार कसला करता? भावाचं अर्धं मन एमपीएससीत अडकलंय. या लाइनमधल्यांनी खरं काय ते सांगा.

स्प्लेंडरवाला
डोळे मिटून घ्या. नऊ वर्षं झाली मला. आईचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये झालं, सावकाराच्या दारात जावं लागलं नाही. पन्नास दुकानदारांशी बोलून बोलून माणूस जे शिकतो ते कुठल्या क्लासात मिळत नाही. एमपीएससीवाले मित्र तिशी उलटली तरी अभ्यासिकेतच आहेत. टार्गेटचं टेन्शन असतं, पण पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकऱ्याला नसतं का?

दुकानावरून
भाऊ, मी काउंटरच्या या बाजूनं सांगतो. तीस मार्च, रात्रीचे साडेनऊ, शटर अर्धं खाली. कंपनीचं पोरगं आलं, डोक्यावरचं हेल्मेटबी काढलं नाही. 'काका, चाळीस पेट्या फक्त बिलावर घ्या, माझं टार्गेट बसते. जूनमध्ये मीच उचलून नेतो.' घेतल्या. मे महिन्यात त्याची बदली झाली. नवा आला तो म्हणे, मले काही माहीत नाही. अर्ध्या पेट्या एक्स्पायर झाल्या. त्या पोराले शिव्या देऊ का? तोही मायबापाचा लेकच. पण माल माह्या गोदामात पडला की तिकडे कंपनीत सेल लागते, शेतकऱ्यानं एक पुडी नेली नाही तरी. या नोकरीचं गणितच असं हाय.

अन लिंकिंग वेगळंच. बीटी कपाशीचं पाकीट ४७५ ग्रॅमचं, २०२५ च्या खरिपात केंद्रानं भाव बांधला ९०१ रुपये. पण चालतं वाण पाहिजे तर सोबत न चालणारं औषधबी घ्या म्हणते कंपनी, हेच लिंकिंग. मी घेतो, मग मले ते शेतकऱ्याच्या गळ्यात मारा लागते.

स्प्लेंडरवाला
काका, बिलावरचा माल घेताना मेल का नाही मागितली? तोंडी शब्दावर पेट्या उतरवायच्या आणि मग नोकरीला नावं ठेवायची! मी आजवर एकाही दुकानदाराला लेखी दिल्याशिवाय माल टाकला नाही. दोनदा प्रमोशन हुकलं, ते मात्र खरं आहे.

दुकानावरून
दोनदा हुकलं म्हणतेस ना बाबू? मग उत्तर तूच देलं.

चार वर्षांत सुटलो
माझा मुद्दा वेगळा. आपल्या भागात सेल्स म्हणजे ओळखीवर विकणं. माझ्या शब्दावर गावातल्या एका काकांनी आमच्या कंपनीचं सोयाबीन पेरलं. उगवलंच नाही. सकाळी दारात आले, मूठ उघडली, तळहातावर फुगून कुजलेले पाच-सहा दाणे. भांडले नाहीत, नुसते दाखवले. तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज गेला, पंचनामा झाला. वरचे साहेब म्हणाले, पेरणी खोल झाली असं लिहून घे. मी लिहून घेतलं नाही. दिवाळीनंतर राजीनामा दिला. पुण्यात बसलेल्या साहेबाला त्या गावात परत जायचं नसतं, मला रोजच जायचं होतं.

२०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर जीव गेले. तेव्हापासून मीटिंगमध्ये मास्क, हातमोजे सगळं सांगायचो. पण सांगून झाल्यावर पुढचं वाक्य स्कीमचंच.

दारव्ह्याची लेक
यांची सेल्सचीच नोकरी. जून-जुलैत ताटावर बसले की फोन वाजणारच. व्हाॅट्सअ‍ॅपवर रोज लोकेशन टाकावं लागतं. पण पोरीची फी वेळेवर जाते, हेही लिहिते. आर्णीकर दादा, एक विचारते. पत्र कंपनीचं आहे की दुसऱ्याच्या पेरोलवर? आमची पहिली तीन वर्षं त्यातच गेली. टोपी कंपनीची, टी-शर्ट कंपनीचा, माणूस मात्र कंपनीचा नाही.

स्प्लेंडरवाला
ताईंचा प्रश्न बरोबर आहे. आधी तेच बघा. कंपनीच्या पेरोलवर नसेल तर माझं वरचं 'डोळे मिटून' मागे घेतो.

आर्णीकर
आत्ताच पत्र काढून वाचलं. वर कंपनीचा लोगो आहे. खाली सही मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच फर्मची, करार अकरा महिन्यांचा. बाबांनी काल गल्लीत पेढे वाटले. भावाला दाखवलं, तो म्हणतो सोमवारी जाऊन तर येतो.